मागचा शॉकअप सारखा सारखा तुटतोय? आधी पाट्याचं ट्रॅव्हल मोजा

समस्या सरळ सांगतो. मागं पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली डबल केबिन फोर बाय फोर पिकअप, एमएच ११ म्हणजे साताऱ्याची, मेव्हण्याची. तिचा मागचा डावा शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) टिकतच नाही. कधी खालच्या डोळ्याचं, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्याचं, वेल्डिंग सुटतं, कधी वरच्या सीलमधनं तेल गळायला लागतं, नवीन जोडी टाकली की थोडे दिवस गाडी मऊ चालते आणि मेढ्याच्या वरच्या अंगाला शेत आहे तिकडं चार खेपा झाल्या की परत ठकठक चालू. लोकल टाकून झाला, कंपनीचा टाकून झाला, गॅसवाला महागातला पण टाकून झाला. मिस्त्रीचं दरवेळी एकच, "पाव्हणं, आजकाल मालच असला येतोय, त्याला आपण काय करणार." आता तीन ठिकाणचा माल सारखाच खराब निघतो आणि तो पण त्याच जागी मोडतो म्हणल्यावर दोष मालात नसणार हे कळायला फार डोकं लागत नाही, पण आपल्याकडं शॉकअप गेला की शॉकअप बदलायचा एवढंच चालतं, तो का गेला हे बघायला कोण गाडीखाली घुसत नाही.

आणि ही एकट्या मेव्हण्याची रड नाही. कराड, पाटण, शिराळा या पट्ट्यात ज्यांनी पिकअपला नाहीतर जुन्या जीपला मागं एक पाटा वाढवून घेतला, लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी झुलती कडी) टाकला आणि शॉकअप मात्र जुन्याच मापाचा ठेवला, त्यातल्या बऱ्याच जणांकडनं हेच ऐकायला मिळतं. म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पाटा हलतो कसा हे आधी. मेन पाट्याला दोन्ही टोकांना डोळे असतात, पुढचा डोळा चासीच्या हँगरला बोल्टनं पक्का आणि मागचा डोळा शॅकलला, मध्ये सेंटर बोल्ट आणि यू बोल्टनं हाऊसिंग (मागच्या दोन चाकांमधला आडवा ॲक्सल) आवळलेलं. चाक वर गेलं की कमान सपाट होते, कमान सपाट झाली की दोन डोळ्यांमधलं अंतर वाढतं, पुढचा डोळा तर जागचा हलू शकत नाही, म्हणून ते वाढलेलं अंतर सगळं शॅकल मागं झुलून पोटात घेतो. चाक खाली लोंबलं की उलटं, कमान वाढते, अंतर कमी होतं, शॅकल पुढं येतो. म्हणजे शॅकल अडला की पाटा अडला, मग पाटे कितीही भारीतले असू द्या. दुसरं असं की गाडी सपाटीवर उभी असताना ज्या उंचीला बसते तिथनं चाकाला वर जायला किती जागा आणि खाली लोंबायला किती, हा हिशोब वेगवेगळा धरायचा, दोन्ही मिळून जे होतं ते ट्रॅव्हल. गाडी उचलली की ट्रॅव्हल वाढलं असं बरेच जण छातीठोक सांगतात, पण शॉकअप तोच असेल तर काही वाढत नाही, मधली रेघ सरकते फक्त. वर जितकी जागा मिळाली तितकी खालनं गेली.

मेव्हण्याच्या गाडीचं गणित बघा. शॉकअपची लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, पूर्ण दाबला तर १३ इंच, पूर्ण ओढला तर २१ इंच, म्हणजे दांडा फिरतो ८ इंच. गाडी कंपनीच्या उंचीला होती तेव्हा उभ्या गाडीत हे अंतर साडेसतरा, म्हणजे वर साडेचार इंच आणि खाली साडेतीन. ठीकच होतं. मग गडी पाटेवाल्याकडं गेला, एक जाड पाटा वाढवला, त्यानं मागची बाजू इंचभर उठली, आणि शिवाय मूळ मापापेक्षा २ इंच लांब शॅकल टाकला. शॅकल २ इंच लांब म्हणजे गाडी २ इंच उचलणार असं वाटतं, पण शॅकल पाट्याच्या एका टोकाला आणि हाऊसिंग साधारण मधोमध, त्यामुळं उचल निम्मीच मिळते, इंचभर. दोन्ही मिळून २ इंच. आता उभ्या गाडीतच शॉकअप साडेएकोणीसपर्यंत ओढलेला आणि खाली लोंबायला राहिला फक्त दीड इंच.

आता त्या शेताच्या वाटेवर ओढ्यावरची फरशी संपते तिथं डाव्या अंगाला हातभर खड्डा आहे. उजवं चाक काँक्रीटवर, डावं चाक खड्ड्यात. चाक खाली पडतं, दीड इंच गेलं की शॉकअपचा दांडा संपतो आणि हाऊसिंग, ड्रम, चाक असं मिळून शंभर किलोच्या वरचं धूड दावं संपलेल्या बैलासारखा हिसका मारून त्या एका डोळ्याला लोंबतं. शॉकअप बनवलाय पाट्याची झुलझूल मारायला, हाऊसिंग तोलून धरायला नाही. असे हिसके खाऊन कुठल्याही कंपनीचा डोळा तुटणारच, गॅसवाला असला तरी. डावाच का जातो ते पण यातच आलं, खड्डा डावीकडं आहे.

हे सगळं आपण अंदाजानं बोलायच्या आधी तुटलेला शॉकअप हातात घेऊन बघायचा, भंगारात टाकायची घाई करू नका. खालच्या डोळ्यातलं रबर कुठल्या बाजूनं चिरडलंय ते बघा. पिन जिथं बसते त्याच्या खालच्या अंगाला रबर चपटं होऊन बाहेर आलं असेल तर हाऊसिंगनं शॉकअप खाली ओढलाय, म्हणजे लोंबताना जागा कमी पडतीय. पिनीच्या वरच्या अंगाला रबर चिरडलं असेल, दांडा वाकडा असेल नाहीतर शॉकअप आतनं ठोकून बसला असेल, तर उलटं, चाक वर येताना शॉकअप संपतोय आणि बंप स्टॉप (हाऊसिंग फार वर आलं तर अडवणारा रबरी गट्टू) आपलं काम करत नाहीये. मेव्हण्याच्या तिन्ही शॉकअपचं रबर खालच्या बाजूनं गेलेलं, एकाचा तर डोळा लांबट होऊन अंड्याच्या आकाराचा झालेला. एवढं बघायला पाना पण लागत नाही.

मग मोजायचं. सपाट फरशीवर गाडी घ्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड लावा, टाकीत रोज असतं तेवढं डिझेल आणि हौद्यात रोज असतं तेवढं वजन असू द्या, रिकाम्या गाडीचं माप आणि भरलेल्या गाडीचं माप यात जमीन अस्मानाचा फरक पडतो. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर घ्या, दोन्ही बाजूचं, आणि खडूनं तिथंच लिहून ठेवा. हाऊसिंगपासून बंप स्टॉपच्या रबरी गट्टूपर्यंत किती मोकळं आहे ते घ्या. शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर घ्या. शॅकल कुठं झुकलाय त्याचा मोबाईलवर बाजूनं सरळ फोटो काढा.

आता ट्रॉली जॅक चासीला लावून मागची बाजू उचला, चासीखाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावा, जॅकच्या भरवशावर कोणी खाली जायचं नाही, हे परत परत सांगतो कारण आमच्याकडं दोन विटांवर गाडी ठेवून खाली झोपणारी माणसं आहेत. मग हाऊसिंगखाली जॅकचा आधार ठेवून शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू खाली सोडा. नजर सगळ्यात आधी ब्रेकच्या रबरी पाइपवर, चासीतनं हाऊसिंगवर येतो तो, तो ताठ व्हायला लागला की तिथंच थांबायचं, पाइप तुटला तर शॉकअपपेक्षा महागात पडेल. हँडब्रेकची केबल पण बघा. हाऊसिंग मोकळं लोंबलं की वरच्या शॉकअप बोल्टपासून खालच्या बोल्टच्या जागेपर्यंत टेप लावा. हे अंतर शॉकअपच्या पूर्ण ओढलेल्या लांबीपेक्षा जास्त आलं तर उत्तर मिळालं, शॉकअपच साखळीचं काम करतोय. आमच्याकडं २३ इंच आलं, शॉकअप २१ चा. पाटा अजून २ इंच खाली जायला तयार होता आणि शॉकअप त्याला धरून बसलेला.

एक बारीक गोष्ट. शॉकअप उभा सरळ नसतो, तिरका असतो, त्यामुळं हाऊसिंग इंचभर हललं म्हणजे शॉकअप पण इंचभर हलतो असं नाही. ३० अंश तिरका असेल तर हाऊसिंगच्या ८ सुताला (म्हणजे एका इंचाला) शॉकअप साधारण ७ सूत हलतो, ४५ अंशाला साडेपाचच्या आसपास. त्यामुळं चाकाचं माप घेऊन त्यावरनं शॉकअप मागवू नका, बोल्ट ते बोल्टच मोजा. परत शॉकअपची जागा चाकाच्या आतल्या अंगाला असते, एक चाक वर आणि दुसरं खाली असं हाऊसिंग तिरकं झालं की चाक जेवढं हलतं त्याच्यापेक्षा शॉकअपची जागा कमी हलते. म्हणून एक बाजू जॅकनं वर आणि दुसरी लोंबलेली, असं पण एकदा मोजून बघा.

वरच्या बाजूचं मोजायला गाडी जॅकनं दाबली जात नाही नीट, त्याला सोपा उपाय म्हणजे लहान पोरांची क्ले. बंप स्टॉपच्या गट्टूवर लिंबाएवढा गोळा चिकटवा आणि रोजच्या खराब वाटेनं एक चक्कर मारून या. गोळा चपटा झाला तर हाऊसिंग गट्टूपर्यंत येतंय, तसाच राहिला तर वरची जागा वापरलीच जात नाहीये. शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर केबल टाय बांधला तरी चालतं, तो सरकून जिथं थांबतो तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला, पण पिकअपच्या बऱ्याच शॉकअपवर पत्र्याचं टोपण असतं, तिथं क्लेच. आमचा गोळा जसा लावला तसाच परत आला. म्हणजे वर साडेसहा इंच जागा आणि एवढ्या खडकाळ वाटेवर पण तिचा उपयोग शून्य, कारण जाड पाट्यानं मागचं सगळं दगड करून टाकलेलं.

जाड पाट्याचं जरा बोलतो, कारण इथं सगळेच फसतात. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशोबात वाढतो, जाडी दुप्पट केली तर तो पाटा आठपट ताठ. म्हणून पाटेवाला जेव्हा म्हणतो की दोन पातळ घालण्यापेक्षा एक जाड घाला, स्वस्तात पडेल, तेव्हा स्वस्तात पडतं खरं पण चाक हलायचं बंद होतं. पातळ पाटे जास्त आणि लांब, ही ऑफरोडला चांगली जात. ऊस, शेणखत, द्राक्षाची क्रेट असलं रोज ओझं वाहणाऱ्या गाडीला जाड पाटा लागणारच, त्यात चूक काही नाही, पण मग तासगावहून द्राक्षं पण भरायची आणि रविवारी चाळकेवाडीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) चाकं पण लोंबवायची असं एकाच पाट्याच्या सेटकडनं होत नाही, काहीतरी एक धरा. आणि सड्यावर म्हणजे मळलेल्या वाटेवर म्हणतोय मी, कासच्या पठारात गाडी घालू नका, ते २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे आणि तिथली माती वीतभर पण नाही.

आता शॅकल. उभ्या गाडीत शॅकलचं खालचं टोक जरा मागं झुकलेलं पाहिजे. तो सरळ उभा असेल नाहीतर पुढं झुकलेला असेल तर चाक लोंबताना त्याला पुढं जायला वाव राहात नाही, कधीकधी तर पार उलटून चासीला टेकतो आणि तिथंच अडकतो, मग गाडी खाली बसताना काडकन आवाज. उलट आधीच फार मागं पडला असेल तर पाटा सपाट होताना शॅकल चासीवर आपटतो. जास्त कमानीचे पाटे टाकले की शॅकल पुढं येतोच कारण डोळ्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं, हे टाकताना कोण सांगत नाही. मेव्हण्याच्या गाडीत शॅकल जवळजवळ सरळ उभा होता, म्हणजे शॉकअप लांब टाकला असता तरी थोड्या दिवसांनी शॅकलनं अडवलं असतं.

लांब शॅकलचे दोन उपद्व्याप अजून. पाट्याचं मागचं टोक खाली गेलं की हाऊसिंगचं तोंड वर होतं, प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे (दोन टोकांच्या सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळेनासे होतात आणि ठराविक स्पीडला सीटखाली भुरभुर सुरू होते, मग माणूस व्हील बॅलन्सिंग करत बसतो. दुसरं जास्त धोक्याचं. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो, चासीवर व्हॉल्व आणि हाऊसिंगला जोडलेला दांडा किंवा स्प्रिंग. गाडी उचलली की त्या व्हॉल्वला वाटतं हौदा रिकामा आहे, तो मागं प्रेशर कमी सोडतो. भरलेली गाडी घेऊन यवतेश्वरचा घाट उतरताना हे नको. त्याचा दांडा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे परत सेट करून घ्या, अंदाजानं वाकवू नका.

मग आम्ही केलं काय. माझं मत पहिल्यापासून एकच होतं, लांब शॉकअप शोधत बसण्यापेक्षा जाड पाटा काढ आणि शॅकल कंपनीचा टाक. मेव्हणा म्हणाला, "दाजी, गाडी बसकी दिसंल." दिसू दे की. शेवटी जाड पाटा गेला, त्याच्या जागी एक पातळ लांब पाटा आला, शॅकल मूळ मापाचा, उंची कंपनीपेक्षा अर्धा इंच वर. शॉकअप उभ्या गाडीत १८ वर आला, खाली ३ इंच, वर ५. तरीही हाऊसिंग मोकळं सोडलं की पाटा शॉकअपच्या थोडासा पुढं जात होताच, म्हणून चासी ते हाऊसिंग दोन्हीकडं जाड नायलॉनचे पट्टे टाकले, शॉकअप संपायच्या अर्धा इंच आधी पट्टा ताठ होईल असे. लोंबायची जागा अर्ध्या इंचानं कमी झाली, पण हिसका पट्ट्याला बसतो, डोळ्याला नाही. वरच्या बाजूला डाव्या अंगाचा गट्टू वाळून तडकलेला होता तो नवीन. गट्टूला हाऊसिंग पूर्ण टेकलेलं असताना शॉकअपमध्ये अजून पाऊण इंच तरी शिल्लक पाहिजे, नाहीतर गट्टूच्या आधी शॉकअप ठोकतो.

ज्यांना उंचीच हवी आहे त्यांनी उंचीच्या हिशोबाचा लांब शॉकअप टाकावा, पण मग त्याची दाबलेली लांबी पण बघा, लांब शॉकअप दाबल्यावर पण लांबच असतो, गट्टू खाली आणावा लागतो. हाऊसिंग आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घालून उंची घेणारे आहेत, त्यांच्या गाडीत चढाला पाटा एसच्या आकारात मुरडतो आणि मागची चाकं टपटप उड्या मारतात, मोठ्या ठोकळ्यांच्या नादाला लागू नका, एकावर एक तर अजिबातच नको. कॉइल बसवून टाक म्हणणारे पण भेटतात, जुन्या थारला मागं पाटे होते आणि २०२० च्या थारला कॉइल आली म्हणून. ती गाडी तशी बनवलीय, आपल्या चासीवर गॅरेजमध्ये ब्रॅकेट वेल्ड करून ते होत नाही, पासिंगला पण अडकेल, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. हायलक्स आणि व्ही क्रॉस पण मागं पाट्यावरच आहेत, पाटा म्हणजे जुनाट असं काही नाही.

बसवताना दोन गोष्टी. रबरी बुशचे बोल्ट, हँगरचे आणि शॅकलचे, गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या उंचीला बसली की मग आवळा. लोंबलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं, मग सहा महिन्यांत बुशच्या नावानं शिव्या. यू बोल्ट नवीनच घ्या, जुने ताणलेले असतात, आणि चारपाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुस्तकात दिलेल्या आकड्यावर परत आवळा. यू बोल्ट सैल राहिला की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की हाऊसिंग एका बाजूला मागं सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. पुढच्या हँगरच्या बोल्टपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोन्हीकडं टेप लावला की लगेच कळतं.

शॉकअप गप्प झालेत, पण पाट्यातनं अजून करकर येतीय. पाट्यांची टोकं जिथं एकमेकांवर घासतात तिथं चकाकलेली पट्टी दिसायला पाहिजे, आमच्या दोन पाट्यांत ती नाहीच, नुसता तांबडा गंज, म्हणजे तेवढे पाटे सरकतच नाहीत. पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा पण कोणीतरी हातोड्यानं ठोकून घट्ट केल्यात. पाऊस उघडला की सेट उतरवून तारेच्या ब्रशनं घासायचा, टोकांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालायच्या आणि क्लिपा सुतभर सैल करायच्या असं ठरलंय. ग्रीस मी लावत नाही, जांभ्याची धूळ त्यात बसली की पॉलिश पेपर तयार होतो.